कारखान्याच्या पगारावर खेळणारा खेळाडू हौशी की व्यावसायिक? अमेरिकेतील सुरुवातीच्या बास्केटबॉल लीगांविषयी माहिती हवी आहे

वाघूरकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. मी भुसावळला एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. यंदाच्या हस्तलिखितासाठी नववीच्या मुलांनी बास्केटबॉलच्या इतिहासावर लेख लिहिला आहे आणि तो तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि हिवाळ्यातल्या त्याच त्या कवायतीला कंटाळलेल्या अठरा विद्यार्थ्यांना नऊ-नऊच्या दोन बाजू करून खेळवले, इथपर्यंत लेख उत्तम झाला आहे. त्यानंतर मात्र तो थेट १९४६ वर जातो, कारण मुलांनी जिथून माहिती घेतली तिथे एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या आजच्या मुख्य लीगचा, जन्म हाच व्यावसायिक बास्केटबॉलचा आरंभ मानलेला आहे. मधल्या पंचावन्न वर्षांबद्दल लेखात एक ओळही नाही.

वर्गातल्या एका मुलीचे आजोबा, म्हणजे आबा, रेल्वेत होते आणि त्यांना ती नोकरी बास्केटबॉलवरच मिळाली होती. गेल्या आठवड्यात ते शाळेत आले, लेखाचा कच्चा खर्डा त्यांनी सावकाश वाचला आणि मला विचारले, "सर, आम्ही सकाळी ग्राउंडवर, दुपारी ऑफिसात, आणि पगार खात्याचा. सामन्याचे वेगळे पैसे आम्हाला कधी कोणी दिले नाहीत, पण खेळलो नसतो तर नोकरीही लागली नसती. मग आम्ही हौशी की व्यावसायिक? अमेरिकेत टायरच्या कारखान्यांच्या टीम होत्या म्हणे, त्यांना तिकडे काय म्हणत?" मला उत्तर देता आले नाही. टायरच्या कारखान्यांचे संघ असलेली नॅशनल बास्केटबॉल लीग १९३७ मध्ये सुरू झाली, एवढेच मला ठाऊक होते.

तर जाणकारांनी कृपया सांगावे की व्यावसायिक लीगची सुरुवात कोठून धरावी, कारखान्यांच्या त्या लीगचे स्वरूप कसे होते आणि आबांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे. मुलांच्या नावाने काही चुकीचे छापले जाऊ नये, याची मला फार काळजी आहे.

पांझराकाठ (धुळे)

सर, तुम्ही १९३७ म्हणता आणि मुले १९४६ म्हणतात, पण नॅशनल बास्केटबॉल लीग याच नावाची पहिली लीग याच्याही कितीतरी आधी, १८९८ मध्ये निघाली होती. नेस्मिथ यांच्या टोपल्यांना तेव्हा सातच वर्षे झाली होती.

त्याची पार्श्वभूमी अशी की खेळ वायएमसीएतून पसरला खरा, पण थोड्याच वर्षांत तिथल्या चालकांना तो नकोसा झाला. मूठभर दांडगट खेळाडू संध्याकाळभर व्यायामशाळा अडवून बसत, बाकीच्या सभासदांना जागा उरत नसे आणि खेळात ढकलाढकली इतकी चाले की दुखापती नित्याच्या झाल्या. अनेक ठिकाणी संघांना बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. मग त्या खेळाडूंनी नाचाचे दिवाणखाने आणि सभागृहे भाड्याने घेतली, भाडे भरून काढण्यासाठी दारावर तिकीट लावले, आणि भाडे देऊन जे उरले ते आपसांत वाटून घेतले. व्यावसायिक बास्केटबॉलचा उगम या उरलेल्या पैशांत आहे. न्यू जर्सीतील ट्रेन्टन येथे मेसॉनिक टेंपलच्या सभागृहात ७ नोव्हेंबर १८९६ रोजी झालेला सामना हा पैसे घेऊन खेळलेला पहिला सामना म्हणून परंपरेने सांगितला जातो. प्रत्येकाला पंधरा डॉलर मिळाले आणि कर्णधार फ्रेड कूपर यांना एक डॉलर जास्त, अशी ती हकीकत आहे.

या ट्रेन्टन संघाने आणखी एक गोष्ट रूढ केली, ती मुलांना नक्की आवडेल. त्यांनी कोर्टाभोवती जाळीचा पिंजरा उभारला. प्रेक्षक अगदी रेषेला खेटून बसत आणि बाहेर गेलेला चेंडू ज्याच्या हाती आधी लागेल त्याचा, असा नियम असल्याने खेळाडू त्यासाठी प्रेक्षकांत घुसत. पिंजऱ्यामुळे चेंडू बाहेर जाणेच बंद झाले आणि खेळ अखंड चालू राहू लागला, पण जाळीवर आदळून अंग सोलवटून निघे. इंग्रजी वर्तमानपत्रांत बास्केटबॉल खेळाडूला 'केजर' म्हणण्याची पद्धत पुढे अनेक दशके टिकली, ती यावरूनच.

१८९८ च्या त्या लीगमध्ये फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सी परिसरातील सहा संघ होते. पहिली दोन्ही विजेतेपदे ट्रेन्टनने घेतली. मिलव्हिल या काचकामाच्या गावाच्या संघाचे नाव 'ग्लास ब्लोअर्स' म्हणजे काच फुंकणारे असे होते. गावाचा धंदा संघाच्या नावात उतरण्याची रीत इतकी जुनी आहे. जानेवारी १९०४ मध्ये लीग बंद पडली. पुढची वीसेक वर्षे पूर्वेकडे लहान लहान लीगा निघत आणि मोडत राहिल्या, आणि त्या मोडण्याचे मुख्य कारण म्हणजे खेळाडू कोणाशी बांधलेलाच नसे. आज या गावाकडून, उद्या त्याच गावाविरुद्ध, जो रात्रीचे जास्त पैसे देईल त्याच्याकडून तो खेळे. आपला माणूस कोण हे ज्या गावाला कळत नाही, ते गाव तिकीट काढून किती दिवस येणार?

हा दोष ओळखून १९२५ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल लीग स्थापन झाली. अमेरिकन फुटबॉलची लीग चालवणारे जोसेफ कार हेच हिचे अध्यक्ष झाले. मालकांत क्लीव्हलँडचे दुकानदार मॅक्स रोझेनब्लम, वॉशिंग्टनमध्ये लाँड्रीचा मोठा व्यवसाय असलेले जॉर्ज प्रेस्टन मार्शल आणि शिकागोचे जॉर्ज हालास होते. त्यांनी पिंजरा काढून टाकला, रिंगमागे बोर्ड सक्तीचा केला, दुहेरी ड्रिबल (चेंडू आपटत नेणे थांबवून पुन्हा सुरू करणे) बंद केले आणि प्रत्येक खेळाडूला एकाच संघाशी लेखी कराराने बांधले. आज आपण ज्याला व्यावसायिक खेळ म्हणतो त्याचा सांगाडा इथे प्रथम दिसतो. नऊ संघांनी सुरुवात झाली आणि पहिले विजेतेपद क्लीव्हलँडला मिळाले. त्या काळातला सर्वांत नावाजलेला संघ म्हणजे न्यूयॉर्कचा 'ओरिजिनल सेल्टिक्स'. तो पहिल्या वर्षी बाहेर राहिला, दुसऱ्या वर्षी आत आला आणि त्याने १९२६-२७ व १९२७-२८ अशी सलग दोन वर्षे लीग इतक्या सहज जिंकली की चुरसच उरली नाही. शेवटी तो संघ मोडला. त्यातले जो लॅपचिक, डच डेनर्ट आणि पीट बॅरी हे तिघे क्लीव्हलँडकडे गेले आणि पुढची दोन विजेतेपदे क्लीव्हलँडकडे गेली. १९३१ मध्ये महामंदीने ही लीग थांबवली. १९३३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण पूर्वेकडच्या काही शहरांपुरतीच.

कारखान्यांच्या लीगबद्दल मी लिहिण्यापेक्षा अमळनेरच्या भाऊंनी लिहावे. त्यांचा तो जिव्हाळ्याचा विषय आहे.

बोरीकाठ (अमळनेर)

धुळेकर भाऊंनी आठवण काढली, म्हणून सविस्तर लिहितो. माझे वडील गिरणीत होते. पाळी बदलण्याच्या भोंग्यावर घरातला स्वयंपाक ठरे, अशा घरात मी वाढलो. त्यामुळे कारखान्याने संघ काढणे, संघासाठी माणूस नेमणे आणि त्या संघाचा सामना बघायला अख्खी पाळी लोटणे, हे सगळे मला दूरचे वाटत नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत नेमके हेच घडले.

ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन हे टायरचे शहर. गुडईयर आणि फायरस्टोन हे दोन प्रतिस्पर्धी एकाच गावात होते आणि दोघांचेही बास्केटबॉल संघ होते. गुडईयरच्या संघाचे नाव 'विंगफूट्स', कारण पंख असलेले पाऊल हे कंपनीचे बोधचिन्ह होते. फायरस्टोनच्या संघाचे नाव 'नॉन-स्किड्स' म्हणजे न घसरणारे, आणि हे थेट त्यांच्या टायरचेच नाव होते. इंडियानातील फोर्ट वेन येथे जनरल इलेक्ट्रिकचा संघ होता. १९३५ मध्ये या भागातील संघांनी मिळून मिडवेस्ट बास्केटबॉल कॉन्फरन्स नावाची संघटना काढली होती. १९३७ मध्ये तिचे रूपांतर नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये झाले आणि पहिल्या वर्षी तेरा संघ उतरले.

पहिल्या हंगामाची शिस्त बेताचीच होती. सामने संघांनी आपापसांत ठरवायचे, त्यामुळे सर्वांचे सामने सारखे झाले नाहीत. खेळ दहा मिनिटांच्या चार भागांत घ्यायचा की पंधरा मिनिटांच्या तीन भागांत, हे यजमान संघ ठरवी. प्रत्येक बास्केटनंतर मध्यभागी पुन्हा जम्प बॉल (वर उडवलेल्या चेंडूसाठी दोघांनी उडी मारणे) घ्यायचा की ज्याच्यावर बास्केट झाला त्याने चेंडू आत टाकायचा, हेही यजमानाच्या मर्जीवर होते. त्याच वर्षी कॉलेजच्या खेळातून तो मधला जम्प बॉल काढून टाकण्यात आला होता आणि जुने-नवे असे दोन्ही खेळ एकाच लीगमध्ये शेजारी शेजारी चालू होते. खेळ एका वळणावर असताना त्याचे दोन्ही रस्ते एकाच वेळी पाहायला मिळणे ही मला या लीगची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पहिले विजेतेपद गुडईयरने घेतले, पुढची दोन फायरस्टोनने. तिन्ही वेळा अंतिम फेरीत हरलेला संघ एकच, विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश ऑल-स्टार्स. हा कारखान्याचा संघ नव्हता. लॉन डार्लिंग नावाच्या बियाणे विकणाऱ्या माणसाने तो उभा केला होता. बियाण्याची पिशवी हातात घेऊन गावोगाव फिरणारा माणूस आपल्या जळगाव जिल्ह्यात कोणाला परका नाही, म्हणून मला डार्लिंग फार जवळचे वाटतात. तीन पराभवांनंतर ऑशकॉशने १९४१ आणि १९४२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. त्यांचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) लेरॉय एडवर्ड्स, टोपणनाव 'काउबॉय', हा पहिल्या तिन्ही हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा खेळाडू होता आणि लीगच्या बाराही हंगामांत खेळला. इंडियानापोलिसचा संघ फ्रँक कॉट्स्की या किराणा दुकानदाराचा होता. पुढे प्रशिक्षक म्हणून कॅलिफोर्नियातील यूसीएलए विद्यापीठाला बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे जॉन वुडन हे कॉट्स्कींच्या संघातून खेळत, आणि आठवडाभर साउथ बेंड येथील शाळेत इंग्रजी शिकवत. सर, ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत अवश्य सांगा.

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा पेच तिथेच आहे.

अमेरिकेत हौशी खेळावर अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियनचे नियंत्रण होते. तिच्या स्पर्धांतही कारखान्यांचे संघ असत आणि त्यांतला सर्वांत बलाढ्य म्हणजे ओक्लाहोमातील बार्टल्सव्हिल येथील तेल कंपनीचा 'फिलिप्स ६६' हा संघ. कंपनी कॉलेजातून उत्तम खेळाडू उचली, त्याला नोकरी देई, सराव करून घेई आणि त्याचा खेळ संपल्यावर तो त्याच कंपनीत साहेब होऊन निवृत्त होई. बॉब कर्लंड हे जवळजवळ सात फूट उंचीचे सेंटर व्यावसायिक संघांकडे न जाता इथेच गेले आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकून आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या अमेरिकी संघात पाच खेळाडू या तेल कंपनीचे होते. नोकरी खेळावर मिळालेली, पगार कंपनीचा, आणि तरी ते शंभर टक्के हौशी गणले गेले.

त्याच वेळी अ‍ॅक्रनच्या टायर कारखान्यात तशीच नोकरी करून नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये खेळणारा खेळाडू मात्र व्यावसायिक ठरला. दोघांच्या दिनक्रमात किंवा पगारपत्रकात फारसा फरक नव्हता. एक संघ हौशी संघटनेच्या यादीत होता आणि दुसरा तिकीट लावून भरवलेल्या लीगच्या यादीत होता, एवढ्यावरच हा शिक्का ठरला. याहून मोठा पुरावा म्हणजे गुडईयर विंगफूट्स हाच संघ. १९३८ मध्ये व्यावसायिक लीगचा पहिला विजेता ठरलेल्या याच संघाने १९६४ मध्ये हौशी संघटनेचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. कंपनी तीच होती आणि पंख असलेले पाऊलही तेच होते.

म्हणून आबांना सांगावे की त्यांच्यासारखा माणूस बार्टल्सव्हिलमध्ये हौशी आणि अ‍ॅक्रनमध्ये व्यावसायिक म्हणवला गेला असता. माझे स्वतःचे मत विचाराल, तर ज्याची चूल खेळामुळे पेटते तो व्यावसायिक, मग पैसे तिकिटाच्या गल्ल्यातून येवोत की कारखान्याच्या खिडकीतून. धुळेकर भाऊंनी करार आणि एकच संघ यांवर भर दिला तो योग्यच आहे, पण नोकरी हाही एक करारच असतो आणि त्या करारात खेळाडूला उद्याची भाकर जास्त खात्रीची मिळत होती, हे १९३१ मध्ये मंदीने बुडवलेल्या लीगकडे पाहिले की पटते.

गोमाई (शहादा)

वरील दोन्ही उत्तरे वाचली. दोन्हींत एका मोठ्या गोष्टीचा उल्लेख राहून गेला आहे आणि ती मुलांच्या लेखात यायलाच हवी असे मला मनापासून वाटते. या सर्व लीगांची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना बहुतांशी बंद होती. १९२५ च्या अमेरिकन बास्केटबॉल लीगने न्यूयॉर्क रेनेसाँ या संघाला घेतले नाही, आणि हा संघ त्या काळातील सर्वश्रेष्ठ संघांपैकी एक होता. बॉब डग्लस यांनी १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील रेनेसाँ कॅसिनोच्या नृत्यगृहात तो सुरू केला. लीग नाही म्हणून हा संघ वर्षभर बसने गावोगाव फिरत राहिला. रात्री ज्या गावात जिंकायचे त्याच गावात झोपायला खोली आणि जेवायला ताट मिळेलच याची शाश्वती नसे. अशा अवस्थेत १९३२-३३ च्या हंगामात त्यांनी सलग ८८ सामने जिंकले. १९३९ मध्ये शिकागोला व्यावसायिक संघांची खुली जागतिक स्पर्धा प्रथमच भरली तेव्हा अंतिम सामन्यात त्यांनी ऑशकॉशला, म्हणजे बोरीकाठ भाऊंच्या आवडत्या संघाला, ३४-२५ असे हरवले.

कारखान्यांच्या लीगने मात्र एक पाऊल पुढे टाकले, आणि ते युद्धामुळे. १९४२ मध्ये खेळाडू सैन्यात जाऊ लागले आणि संघ ओस पडले. तेव्हा टोलेडोच्या संघाने कृष्णवर्णीय खेळाडू घेतले आणि शिकागोच्या स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या संघाने हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या फिरत्या संघाचे जुने खेळाडू घेतले. हे खेळाडू युद्धसाहित्य बनवणाऱ्या त्याच कारखान्यात कामगार म्हणून नोकरी करत. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी वर्णभेदाची भिंत ओलांडली ती १९४७ मध्ये, म्हणजे ही घटना त्याच्या पाच वर्षे आधीची आहे. टोलेडोचा संघ चार सामने हरून बंद पडला आणि स्टुडबेकरचा संघही एका हंगामानंतर राहिला नाही, म्हणून ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

१९४८-४९ या कारखान्यांच्या लीगच्या शेवटच्या हंगामात डेट्रॉइटचा संघ मध्येच बुडाला, तेव्हा त्याच्या जागी रेनेसाँ संघालाच 'डेटन रेन्स' या नावाने घेण्यात आले. संपूर्ण कृष्णवर्णीय संघ अशा लीगमध्ये उभा राहिला. आदल्या संघाचा २ विजय आणि १७ पराभवांचा हिशेब त्यांच्या माथी आला, तरी स्वतः खेळलेल्या चाळीस सामन्यांपैकी चौदा त्यांनी जिंकले. पंचवीस वर्षे दाराबाहेर उभे राहिलेल्या संघाला आत घेतले ते घर मोडायला निघाल्यावर, आणि नंतर दुसऱ्या संघटनेशी विलीन होऊन एनबीए बनली तेव्हा त्यांना जागा मिळाली नाही.

वाघूरकाठ (भुसावळ)

तुम्हा तिघांचे किती आभार मानू? गोमाईताईंनी लिहिलेला भाग मी मुलांना वर्गात वाचून दाखवला. एका मुलाने लगेच विचारले की जर कारखान्यांच्या लीगमध्ये इतके चांगले संघ होते, तर ती १९४९ मध्ये बंद का पडली आणि एनबीए तिचे नाव का घेत नाही. त्या मुलाला द्यायला पुन्हा माझ्याकडे उत्तर नाही.

पांझराकाठ (धुळे)

सर, याचे उत्तर खेळात नाही, छपरात आहे.

युद्ध संपल्यावर न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो अशा महानगरांतील मोठ्या बंदिस्त क्रीडागृहांच्या मालकांपुढे एक अडचण होती. आइस हॉकीचे सामने नसतील त्या रात्री हजारो खुर्च्या रिकाम्या राहत. त्या भरण्यासाठी ६ जून १९४६ रोजी त्यांनी बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका स्थापन केली. अध्यक्ष नेमले मॉरिस पोडोलॉफ, जे तेव्हा हॉकीच्याच एका लीगचे अध्यक्ष होते. पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ रोजी कॅनडातील टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये झाला. मुलांनी लेखात १९४६ लिहिले आहे ते या संघटनेचे वर्ष. तेव्हा तिचे नाव एनबीए नव्हतेच.

या नव्या संघटनेकडे शहरे आणि खुर्च्या होत्या, तर जुन्या लीगकडे खेळाडू. फोर्ट वेनमध्ये फ्रेड झोल्नर यांचा पिस्टनचा कारखाना होता आणि त्यांचा संघ 'झोल्नर पिस्टन्स' १९४४ आणि १९४५ चा विजेता होता. हा संघ घरचे सामने कोठे खेळे? गावातल्या नॉर्थ साइड हायस्कूलच्या व्यायामशाळेत. शाळेच्या व्यायामशाळेत किती तिकिटे विकली जाणार, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लीगचा सर्वांत मोठा खेळाडू म्हणजे सहा फूट दहा इंचांचे जॉर्ज मायकन. १९४६ मध्ये शिकागो अमेरिकन गिअर्स या संघाने त्यांना पाच वर्षांच्या साठ हजार डॉलरच्या कराराने घेतले आणि १९४७ चे विजेतेपद मिळवले. हा संघही गिअर बनवणाऱ्या कारखान्याचाच. त्यानंतर मालक मॉरिस व्हाइट यांनी मायकनच्या बळावर स्वतःची वेगळी लीग काढली आणि ती तीनेक आठवड्यांतच बुडाली. गिअर्सचे खेळाडू इतर संघांत वाटले गेले. मायकन वाट्याला आले ते मिनियापोलिस लेकर्सच्या, ज्यांनी त्याच वर्षी डेट्रॉइटचा तळाचा संघ पंधरा हजार डॉलरला विकत घेऊन आपल्या गावी आणला होता. १९४८ मध्ये लेकर्सने लीग जिंकली आणि लगेच त्या उन्हाळ्यात लेकर्स, रोचेस्टर, फोर्ट वेन आणि इंडियानापोलिस हे चार संघ महानगरांच्या संघटनेकडे निघून गेले. लीगचा कणाच मोडला. एक हंगाम कसाबसा निघाला आणि ३ ऑगस्ट १९४९ रोजी दोन्ही संघटना एक होऊन नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन हे नाव पुढे आले. पहिल्या वर्षी सतरा संघ होते. शेबॉयगन, अँडरसन, वॉटरलू ही लहान गावे एका हंगामातच बाहेर पडली.

आता मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. एनबीएने आपली वंशावळ महानगरांच्या संघटनेकडून, म्हणजे १९४६ पासून धरली. त्यामुळे लेकर्सचे १९४८ चे विजेतेपद आजही त्यांच्या एनबीए विजेतेपदांत मोजले जात नाही. पण मैदानावर काय घडले ते पाहा. १९४९ ते १९५५ या सात वर्षांत पाच विजेतेपदे लेकर्सची, एक रोचेस्टर रॉयल्सचे आणि एक सिराक्यूज नॅशनल्सचे. सातही वर्षे विजेता संघ जुन्या कारखाना-लीगमधून आलेला. महानगरात जन्मलेल्या संघाला, फिलाडेल्फिया वॉरियर्सला, पुन्हा विजेतेपद मिळाले ते १९५६ मध्ये, आणि तेही फोर्ट वेनच्या पिस्टन्सना हरवून.

याच सिराक्यूजचे मालक डॅनी बियासोन बोलिंगची गल्ली चालवत. १९५० मध्ये फोर्ट वेनने चेंडू धरून ठेवत लेकर्सना १९-१८ असे हरवले. ज्या सामन्यात दोन्ही बाजूंची बेरीज सदतीस होते, त्याचे तिकीट दुसऱ्यांदा कोण काढील? बियासोन यांनी हिशेब मांडला की चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटवर चेंडू टाकतात. ४८ मिनिटांचे २,८८० सेकंद, त्यांना १२० ने भागले की २४. चोवीस सेकंदांचे हे घड्याळ १९५४ मध्ये एनबीएने स्वीकारले. तुमच्या मुलांनी हा भागाकार फळ्यावर जरूर करून पाहावा.

वाघूरकाठ (भुसावळ)

भागाकार केला. मुलांनी लेखाचा मधला भाग पूर्ण नव्याने लिहिला असून आता त्यात १८९६ चा ट्रेन्टनचा सामना, पिंजरा, रेनेसाँ संघ, टायरचे कारखाने आणि चोवीस सेकंद हे सर्व आले आहे. आजच्या डेट्रॉइट पिस्टन्सच्या नावातला पिस्टन झोल्नर यांच्या कारखान्यातला आहे आणि संघ १९५७ मध्ये डेट्रॉइटला गेला तरी नाव तसेच राहिले, हे एका मुलाने स्वतः शोधून काढले. त्याखाली त्याने आणखी चार नावे लिहिली आहेत, लेकर्स, सॅक्रमेंटो किंग्ज, अटलांटा हॉक्स आणि फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स. पाचही संघांची मुळे कारखान्यांच्या त्या लीगमध्ये आहेत.

बोरीकाठ भाऊंचे उत्तर मी छापून आबांना नेऊन दिले. अ‍ॅक्रन आणि बार्टल्सव्हिलचा भाग त्यांनी दोनदा वाचला. मग उठून आतून एक जुनी फाइल आणली आणि त्यातले नेमणुकीचे पत्र माझ्यापुढे ठेवले. पद लिपिकाचे होते, आणि खाली एका ओळीत, खेळाडू म्हणून केलेली निवड असा उल्लेख. "सर, हे मुलांना दाखवा," एवढेच ते म्हणाले. पत्राची झेरॉक्स हस्तलिखितात नॉन-स्किड्सच्या पानासमोर चिकटवायची, असे मुलांनी ठरवले आहे.